घरात पिल्लू, दारात थोरला

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असलेला एखादा कुत्रा बहुतेकांच्या परिचयाचा असतो. कानाला नसबंदीची खूण, तोंडाभोवती पांढरे झालेले केस, दुपारभर कुणाच्या तरी गाडीखाली झोप. कुठून तरी आलेली चार पिल्लं त्याच्या अंगावर चढतात, शेपूट ओढतात, कानाला लोंबकळतात. तो बराच वेळ गप्प पडून राहतो. मग उठतो, अंग झाडतो आणि पलीकडच्या गाडीखाली जाऊन पुन्हा झोपतो. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे सांगतात, ‘हा फार गरीब आहे हो.’

एखाद्या कुटुंबाला त्याची दया येते. वय झालंय, पावसाळा तोंडावर आहे, आता याला घरात घेऊ, असं ठरतं. घरात आधीच तीन महिन्यांचं एक पिल्लू असतं. पार्किंगमधली पिल्लं ज्यानं इतकी सोसली, त्याला घरातलं एक पिल्लू जड जाणार नाही, असा सरळ हिशोब असतो. आणि दुसऱ्याच दिवशी सोफ्याच्या कोपऱ्यातून असं गुरगुरणं ऐकू येतं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. कुत्रा तोच, स्वभाव तोच, पिल्लूही चारचौघांसारखंच. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते पलीकडच्या गाडीपाशी. पार्किंगमध्ये त्या कुत्र्याच्या सगळ्या गरीबपणाला एका गोष्टीचा आधार होता. पुरे झालं की त्याला उठून जाता येत होतं. पिल्लांचे पाय आखूड, ती फार लांबवर मागे येत नव्हती. फ्लॅटमध्ये दार बंद असतं, सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि पिल्लू थोरल्याच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत, गॅलरीपर्यंत, पाण्याच्या भांड्यापर्यंत येतं. जायला जागाच उरली नाही की सोसणारा कुत्रा बोलायला लागतो. त्याच्याकडे बोलण्याची भाषा म्हणजे गुरगुरणं.

मोठ्या कुत्र्याची आणि पिल्लाची गाठ घालून देण्याबद्दल शेकडो सूचना ऐकायला मिळतात. त्यातल्या उपयोगाच्या बहुतेक सूचनांच्या मुळाशी हेच आहे. थोरल्याला कोणत्याही क्षणी बाजूला होता आलं पाहिजे. तो निवारागृहातून आलेला असो, परदेशी निघालेल्या ओळखीच्यांनी दिलेला असो की पार्किंगमधून वर आणलेला असो, हे बदलत नाही.

पिल्लाला सूट असते, पण मुदतीची

वयात आलेले कुत्रे लहान पिल्लांचं पुष्कळ चालवून घेतात. मोठ्या कुत्र्यानं केली असती तर मारामारी झाली असती अशी आगळीक पिल्लाला माफ होते. प्रशिक्षक याला ‘पपी लायसन्स’ म्हणतात. पिल्लाचा वास, त्याची लडबडती चाल, पटकन पाठीवर पडून पोट दाखवण्याची सवय, या सगळ्यांतून मोठ्याला कळतं की समोरचं अजून लहान आहे. ही सूट साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत टिकते. पुढे पिल्लाच्या शरीरात वयात येण्याचे बदल सुरू होतात आणि मोठे कुत्रे त्याला हळूहळू मोठ्यांच्या नियमांनी वागवू लागतात.

आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा या बाबतीत चांगला अभ्यास झाला आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं हे काम करत आहेत. आईशिवाय टोळीतले इतर मोठे कुत्रे, त्यांत नरही, पिल्लांची राखण करतात, त्यांच्याशी खेळतात, असं त्यांना दिसलं. एका नोंदीत तर आजीनं नातवंडांची काळजी घेतल्याचं वर्णन आहे. त्याच अभ्यासांत दुसरी बाजूही दिसते. पिल्लं जशी मोठी होतात तशी सख्खी आईसुद्धा दूध पाजताना आणि खाणं वाटून घेताना हात आखडता घेते. म्हणजे माया खरी, पण तिला मर्यादा आहे. शिवाय ही माया टोळीतल्या, ओळखीच्या पिल्लांवर असते. आपल्या घरातलं पिल्लू नव्यानं आलेल्या थोरल्यासाठी परकं आहे. त्याच्याकडून पहिल्याच दिवशी आजोबाच्या मायेची अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

आता पिल्लाची बाजू. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९६५ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथातून एक कल्पना जगभर रुजली. वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचा मेंदू नव्या ओळखींसाठी सताड उघडा असतो. कोण आपलं, कशाला भ्यायचं, दुसऱ्या कुत्र्याचं अंग कसं वाचायचं, हे सगळं त्या काळात ठसतं. दात कितपत लावायचे हेही पिल्लू तेव्हाच शिकतं. त्याचे २८ दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ सोडून निघून जातं आणि चावणाऱ्याला कळतं की इतका जोर नको.

आपल्याकडे पुष्कळ पिल्लं हे शिकण्याआधीच आईपासून तोडली जातात. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्री २०१७ च्या नियमांनुसार करता येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात, वाटली जातात. अशा पिल्लाला ‘पुरे’ म्हणणाऱ्या कुत्र्याची खूण वाचताच येत नाही. थोरला मान वळवतो, ते त्याच्या गालाला लोंबकळतं. थोरला उठतो, ते पायात घुसतं. त्यात वाईट हेतू काही नसतो, शाळा अर्धवट राहिलेली असते. स्वभावानं स्थिर असलेला मोठा कुत्रा ही शाळा पुरी करू शकतो. म्हणून पिल्लाच्या घरी थोरल्यानं येणं हे पिल्लाच्या दृष्टीनं भाग्याचं ठरू शकतं, असं मला मनापासून वाटतं. फक्त शिकवण्याचा सगळा भार चोवीस तास त्याच्या एकट्यावर टाकून चालत नाही.

‘मोठा कोण ते त्यांनाच ठरवू दे’

हा सल्ला देणारा एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतो. त्यामागे एक जुनी समजूत आहे. कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळीत सतत सत्तेची झटापट, तेव्हा घरातही एकदा काय ते होऊन जाऊ दे, मग शांतता नांदेल.

या समजुतीचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात आहे. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं तिथल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली निष्कर्ष मांडले. लांडगे खरोखरच भांडत होते, वरचढ होण्यासाठी झगडत होते. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून ‘अल्फा’ ही कल्पना घराघरांत पोचली. पण पुढे मेक स्वतः कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर अनेक उन्हाळे राहिले आणि त्यांना वेगळंच चित्र दिसलं. रानातली टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आईवडील आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. सत्तेसाठी मारामाऱ्या जवळपास नाहीत. १९९९ साली त्यांनी तसं लिहिलं आणि पुढे आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून प्रकाशकाकडे पाठपुरावा केला.

मग बासेलचे लांडगे का भांडत होते? ते एकमेकांना परके होते आणि कुंपणाच्या आत होते. रानातला तरुण लांडगा वयात आला, पटेनासं झालं, की टोळी सोडून जातो. बासेलच्या लांडग्याला कुठेही जाता येत नव्हतं. पुन्हा तीच पलीकडची गाडी! आपल्या दोन खोल्यांच्या घरात, परक्या कुत्र्यांच्या बाबतीत, आपण नकळत रानापेक्षा बासेलच्या जवळ जाणारी परिस्थिती तयार करतो. तिथं ‘त्यांचं त्यांना मिटवू दे’ म्हणणं धोक्याचं आहे. पंचवीस किलोचा कुत्रा आणि पाच किलोचं पिल्लू यांच्यात ‘मिटवणं’ एका क्षणात होऊन जातं, आणि पिल्लाच्या डोळ्याला किंवा जबड्याला झालेली इजा नंतर भरून येईलच असं नाही.

गुरगुरण्याच्या आधी तो बरंच काही म्हणतो

थोरला एकदम गुरगुरला असं आपल्याला वाटतं, कारण आधीचं आपण पाहिलेलं नसतं. बहुतेक वेळा क्रम असा असतो. प्रथम तो नजर वळवतो. मग मान. जिभेनं नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, उगीच जमीन हुंगतो. शांतता राखण्यासाठी कुत्रे वापरत असलेल्या या बारीक खुणांकडे नॉर्वेतल्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी जगाचं लक्ष वेधलं. या खुणांनी काम झालं नाही तर तो उठून जायला बघतो. तेही जमलं नाही तर त्याचं अंग ताठरतं, तोंड मिटतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. हे ताठरणं सेकंदा-दोन सेकंदांचंच असतं, पण घरातल्या माणसांनी ओळखायला शिकावी अशी सगळ्यांत महत्त्वाची खूण हीच आहे. यानंतर ओठ वर जातो, मग गुरगुरणं, मग हवेत तोंड मारणं आणि सगळ्यांत शेवटी चावा.

गुरगुरल्याबद्दल थोरल्याला ओरडणं, नाकावर चापटी देणं ही आपल्याकडची अगदी सहज होणारी चूक. गुरगुरणं म्हणजे घाटातल्या वळणावर वाजवलेला हॉर्न आहे. तो धडक होऊ नये म्हणून वाजतो. ज्या गाडीला हॉर्न वाजवायची बंदी केली ती गाडी काही वळण घ्यायची थांबत नाही, फक्त आता ती न सांगता समोर येते. गुरगुरल्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या खेपेला ही पायरी गाळतो, आणि मग लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’ गुरगुरणं ऐकू आलं तर आवाज न चढवता पिल्लाला हाक मारून किंवा उचलून बाजूला घ्यावं आणि थोरल्याच्या वाटेतून आपणही हटावं. त्याचं ऐकलं गेलं हे त्याला कळलं की पुढच्या वेळी त्याला आवाज वाढवावा लागत नाही.

शेपटीवर मात्र फार विसंबू नये. हलणारी शेपूट म्हणजे आनंद, असं आपण धरून चालतो. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकून हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. घरात आपण हा कोन मोजत बसणार नाही, पण शेपूट हलत असतानाही मनात धास्ती असू शकते एवढं त्यातून पक्कं कळतं. सैल, अख्ख्या कमरेसकट हलणारी शेपूट वेगळी आणि वर ताठ धरलेली, बारीक थरथरणारी शेपूट वेगळी.

खेळ चाललाय की छळ, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. पिल्लाला दोन्ही हातांनी हळूच मागे धरावं आणि थोरल्याकडे पाहावं. तो स्वतः पिल्लाकडे आला, पुढचे पाय पसरून बूड वर करून वाकला, तर त्याला खेळ हवा आहे. हे वाकणं म्हणजे ‘आता जे करतोय ते खेळातलं आहे’ असं सांगणं. मार्क बेकॉफ यांनी पिल्लांच्या खेळांची बारकाईनं पाहणी करून दाखवलं की गैरसमज होऊ शकेल अशा चाव्याच्या आगेमागे ही खूण जास्त वेळा येते. खेळ खरा असेल तर मोठा कुत्रा आपणहोऊन जमिनीवर लोळतो, पिल्लाला वर चढू देतो, मध्येच दोघंही थांबतात. आणि हात सोडण्याआधीच थोरला पाठ फिरवून निघून गेला, तर उत्तर मिळालं. त्या दिवसापुरता खेळ संपला.

चौकट : भेटीच्या आधी डॉक्टर

पिल्लाचं लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतं, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो आणि सोळा आठवड्यांच्या आसपास मालिका पुरी होते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला. तोवर पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन आजार पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो. त्यामुळे निवाऱ्यातून किंवा रस्त्यावरून येणाऱ्या थोरल्याची आधी तपासणी, लसी, जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त. गोचिडांतून येणारा ताप आपल्या हवेत नित्याचा आहे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस विसरू नये, तो मूत्रातून पसरतो आणि माणसांनाही होतो. थोरल्याला किती दिवस वेगळं ठेवायचं हे डॉक्टरांनाच विचारावं. आणखी एक आवर्जून तपासून घ्यावं, ते म्हणजे दुखणं. सांधे, कंबर, दात, कान. कंबर दुखणाऱ्या कुत्र्यावर मागून उडी पडली तर तो चावेल, त्यात स्वभावाचा संबंध नाही. ऐकू कमी येत असेल किंवा मोतीबिंदू असेल तर पिल्लू अचानक अंगावर आल्यासारखं त्याला वाटतं. अशा वेळी अर्धा प्रश्न वेदनाशामक औषधानंच सुटतो. मात्र माणसांच्या गोळ्या चुकूनही देऊ नयेत, आपल्या घरात सहज सापडणारं आयब्युप्रोफेन कुत्र्यासाठी विष आहे.

आधी वास, मग दर्शन

माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी काही दशलक्ष असतात, कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. शिवाय वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूत, त्याला एक वेगळं इंद्रिय असतं, जे दुसऱ्या प्राण्याच्या अंगचे रासायनिक संदेश टिपतं. समोरचा नर की मादी, तरुण की म्हातारा, निरोगी की आजारी, घाबरलेला की निवांत, यातलं बरंचसं कुत्र्याला वासातून कळतं. त्यामुळे वासाची ओळख आधी झालेली असेल तर प्रत्यक्ष भेट ही दुसरी भेट ठरते.

पिल्लाच्या अंथरुणातली चादर थोरला जिथं असेल तिथं पोचवावी, थोरल्याची पिल्लाकडे आणावी. नुसती जमिनीवर ठेवून द्यावी, नाकाला लावायची नाही. हुंगून तो निवांत बाजूला झाला की काम झालं. हे दोन-तीन दिवस आधीपासून करता आलं तर उत्तम.

पहिली प्रत्यक्ष भेट घराबाहेर व्हावी. पिल्लाच्या लसी पुऱ्या झाल्या असतील तर वर्दळ नसलेला रस्ता किंवा मैदान. नसतील तर जिथं बाहेरचे कुत्रे येत नाहीत अशी जागा शोधावी, पुष्कळ इमारतींत गच्ची त्यासाठी बरी. दोन कुत्रे, दोन माणसं. समोरासमोर आणायचं नाही. अनोळखी कुत्रे स्वतःच्या मर्जीनं भेटतात तेव्हा एका रेषेत चालून येत नाहीत. ते वळसा घालतात, एकमेकांच्या बाजूनं येतात, शेपटीकडून हुंगतात. नाकाला नाक लावून, डोळ्याला डोळा भिडवून उभं राहणं त्यांच्यात उर्मटपणाचं आहे, आणि आपण नेमकं तेच करायला लावतो. पिल्लाला उचलून थोरल्याच्या तोंडापुढे धरणं हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार. हातात धरलेल्या पिल्लालाही पळता येत नाही आणि पट्ट्यानं बांधलेल्या थोरल्यालाही.

त्याऐवजी दोघांना एकाच दिशेला, मध्ये दहा-पंधरा पावलांचं अंतर ठेवून चालवावं. दोघंही पुढे बघताहेत, हुंगताहेत, अधूनमधून एकमेकांकडे नजर टाकताहेत. अंग सैल दिसलं की अंतर थोडं कमी करायचं. कुणी ताठरलं तर पुन्हा वाढवायचं. थोरल्याला पिल्लाच्या मागून चालत त्याचा माग हुंगू द्यावा, मग जागा बदलून पिल्लाला. पट्टा ढिला हवा. ताणलेला पट्टा मानेला ओढतो, अंग पुढे झुकतं, छाती फुगल्यासारखी दिसते आणि समोरच्या कुत्र्याला ते आव्हान वाटतं. आपला घट्ट हात कुत्र्याच्या अंगावर असं खोटं बोलतो. शेवटी दोघं शांत असतील तर दोन-तीन सेकंदांचं हुंगणं, आणि ‘चल’ म्हणून आनंदानं पुढे. लांबलेल्या पहिल्या भेटीतूनच बहुतेक वेळा बिनसतं.

घरी परतताना दोघांना एका लिफ्टमधून नेऊ नये. लिफ्ट म्हणजे शहरातली सर्वांत लहान बंद खोली, आणि तिच्यात पलीकडची गाडी कुठेच नाही. एकानं आधी जावं, दुसऱ्यानं नंतर. दारात शिरताना थोरल्याला आधी घर एकट्यानं हुंगू द्यावं, पिल्लू तोवर खाली थांबेल. पिल्लाची खेळणी, हाडं, खाण्याची भांडी त्याआधीच उचलून ठेवावीत.

जाळीचं दार

मराठी घरांत या कामासाठी एक उत्तम साधन आधीपासून असतं, सेफ्टी डोअर. लाकडी दाराबाहेरचं जाळीचं दार, ज्यातून वास जातो, आवाज जातो, दिसतं, पण अंगावर येता येत नाही. तसंच काहीतरी आता घराच्या आत हवं. बाजारात लहान मुलांसाठी मिळणारं बेबी गेट चालतं. सुतारानं करून दिलेली कमरेएवढी जाळीची फळी स्वस्तात होते. बेडरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या दाराला ती लावली की घराचे दोन भाग होतात.

यातला शांत भाग थोरल्याचा. त्याचं अंथरूण, त्याचं पाणी, कोपऱ्यात कोंडल्यासारखं न वाटणारी जागा. सांधे दुखत असतील तर फरशीवर घसरू नये म्हणून जुनी सतरंजी. तिथं पिल्लाला मज्जाव, आणि घरातल्या मुलांनाही. सुरुवातीला दिवसातला बहुतेक वेळ दोघं जाळीच्या दोन बाजूंना राहतील आणि मधूनमधून, आपण पूर्ण लक्ष देऊन बसलो असताना, पाच-दहा मिनिटं एकत्र येतील. सगळे बाहेर गेले असताना आणि रात्री झोपताना जाळी बंदच. पिल्लाच्या गळ्यात त्या एकत्र वेळेपुरता हलका पट्टा असू द्यावा, म्हणजे ते हद्दीबाहेर गेलं की कुणावरही न ओरडता मागे घेता येतं.

पिल्लाला झोप किती लागते याचा आपल्याला अंदाज नसतो. दिवसातले अठरा-वीस तास ते झोपू शकतं, आणि झोप कमी पडली की थकलेल्या बाळासारखंच चिडचिडं, चावरं होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला घरभर सुसाट पळणारं, थोरल्याच्या कानाला लटकणारं पिल्लू बहुधा दमलेलं असतं. त्याला त्याच्या भागात नेऊन, दिवा मंद करून, चघळायला काही दिलं की दहा मिनिटांत झोपतं. थोरल्याची अर्धी सुटका यानंच होते.

खाणं वेगळ्या खोल्यांत, दार लावून. हा नियम महिनोन् महिने पाळावा लागला तरी पाळावा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यानं पोटाची भूक अनुभवलेली असते. भाकरीच्या तुकड्यावर दुसऱ्याचं तोंड आलं तर तो राखणारच, तो त्याचा जगण्याचा अनुभव आहे. पिल्लाच्या खाण्यात वाढीसाठी उष्मांक आणि कॅल्शियम जास्त असतं, ते रोज खाऊन म्हातारा कुत्रा लठ्ठ होतो आणि सांध्यांवरचं ओझं वाढतं, म्हणूनही वाडगे वेगळेच बरे. राखण फक्त अन्नाची होते असंही नाही. आवडती माणसंही राखली जातात. आजी सोफ्यावर बसली की दोघं धावत येत असतील तर आजीनं उठून उभं राहावं, दोघांनाही खाली बसायला सांगावं आणि मग कुरवाळावं.

आपण दिवसभर पिल्लावर ‘नको, सोड, खाली उतर’ असं ओरडत राहिलो तर थोरल्याच्या डोक्यात एक जोडणी तयार होते. पिल्लू जवळ आलं की घरात आरडाओरडा होतो. उलट पिल्लू दिसताक्षणी थोरल्याच्या पुढ्यात उकडलेल्या चिकनचा तुकडा पडत गेला, तर पिल्लू ही चांगली बातमी ठरते. घंटेच्या आवाजानं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं हे आपण पाव्हलॉव्हच्या प्रयोगामुळे शाळेत शिकतो, ती हीच यंत्रणा. तुकडा मात्र पिल्लू जाळीपलीकडे असतानाच द्यावा, नाहीतर दोघांच्या मध्ये अन्न पडून भांडण आपणच लावून दिल्यासारखं होईल.

किती दिवस?

दत्तक कुत्र्यांसोबत काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, कधी खात नाही, कोपऱ्यात बसून राहतो. तीन आठवड्यांत घराची लय कळते. तीन महिन्यांत हे घर माझं आहे, असं त्याला वाटू लागतं. हा नियम नव्हे, अंदाज आहे. पण त्यातून एक गोष्ट नीट कळते. पहिल्या तीन दिवसांतला शांत, सगळं सोसणारा कुत्रा हा पुष्कळदा घाबरून थिजलेला कुत्रा असतो. त्याचं खरं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं. ‘सुरुवातीला छान होता, आता बिघडला’ ही तक्रार नेमकी याच सुमाराला येते, आणि याच सुमाराला लोक जाळी काढून टाकतात.

कधी आणायचं याचाही विचार हवा. दिवाळीच्या आठवड्यात किंवा गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आणि बाहेर फटाके-ढोल चालू असताना, दोघांची ओळख करून देऊ नये. फटाक्यांनी आधीच ताणलेल्या कुत्र्याचं पिल्लाशी जमवून घेण्याचं बळ संपलेलं असतं.

सगळ्या जोड्या गळ्यात गळे घालून झोपणाऱ्या होत नाहीत. काही थोरले पिल्लाला आयुष्यभर शेजाऱ्यासारखं वागवतात. येताजाता हुंगतात, बाजूनं जातात, एका खोलीत दोन टोकांना झोपतात. हे यशच आहे. पण थोरला पिल्लाकडे टक लावून, दबा धरून पाहत असेल, कोणतीही खूण न देता अंगावर जात असेल, त्याच्या चाव्यानं रक्त आलं असेल किंवा पिल्लू त्याला पाहून लघवी करत लपत असेल, तर घरगुती उपाय थांबवून दोघांना वेगळं ठेवावं आणि डॉक्टर व वर्तनतज्ज्ञ गाठावा. तरीही जमत नसेल, तर थोरल्याला पिल्लू नसलेल्या घरात जागा शोधून देण्यात कमीपणा नाही. त्याला पुन्हा रस्त्यावर सोडणं मात्र मला मान्य नाही. घरात राहिलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची जुनी जागा तोवर दुसऱ्यांनी घेतलेली असते.

आणि ज्यांचं जमलं त्यांच्यासाठी एक टप्पा अजून पुढे असतो. पिल्लू सहा-सात महिन्यांचं होतं, ४२ पक्के दात आलेले असतात, वजनानं ते थोरल्याच्या बरोबरीला येतं आणि शरीरात वयात येण्याची खळबळ सुरू झालेली असते. कालपर्यंतची सूट संपते. तोवर थोरल्याचं आणखी वय झालेलं असतं, कदाचित कमरेचं दुखणं वाढलेलं असतं. काही आठवडे घरात पुन्हा गुरगुरणं ऐकू येऊ शकतं. नसबंदी कोणत्या वयात करावी हे तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवावं, पिल्लाचा व्यायाम वाढवावा, जेवणाचे वाडगे पुन्हा वेगळ्या खोल्यांत न्यावेत. आणि जाळी उचलून माळ्यावर टाकलेली असेल तर ती खाली काढून पुन्हा दाराला लावावी.